जानेवारीतली स्पिती: बर्फ, ऊन आणि कॅमेरा

जानेवारीच्या शेवटी हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातल्या काझाला सूर्योदयाच्या वेळा सांगणाऱ्या ॲपवर सूर्योदय सव्वासातच्या आसपास दिसतो. त्या भरवशावर पहाटे उठून ट्रायपॉड लावला तर तास-दीड तास नुसतं कुडकुडायचं काम. अडचण ॲपची नाही, डोंगरांची आहे. ॲप सपाट क्षितिज धरून वेळ सांगतं आणि स्पितीत सपाट क्षितिज कुठेच नाही. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची असते. पूर्वेकडची धार डोळ्यांच्या पातळीपासून दीड मूठ वर असेल, तर या दिवसांत सूर्याला तिच्यावर यायला सूर्योदयानंतर जवळजवळ दीड तास लागतो. संध्याकाळी हाच हिशोब उलटा. म्हणून जागा आदल्या दिवशी दुपारी पाहून ठेवायची, मुठीने धार मोजायची आणि दुसऱ्या दिवशीची वेळ त्यावरून ठरवायची. पुढचं सगळं या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

पुण्याहून झेलम एक्सप्रेसने अंबाला कँट किंवा विमानाने चंडीगड, मग शिमला, रामपूर, रेकाँग पिओ. अटल बोगदा हिवाळ्यातही चालू असतो हे ऐकून बरेच जण मनालीकडून बेत आखतात. बोगदा लाहौलमध्ये नेऊन सोडतो. तिथून स्पितीत उतरायला कुंझुम खिंड लागते, ती सुमारे ४५५० मीटरवर आहे आणि हिवाळाभर बंद असते. तेव्हा किन्नौरचा रस्ता, दुसरा पर्याय नाही. पिओपासून काझा सुमारे २०० किमी. रस्ता उघडा असेल तेव्हा एचआरटीसीची (हिमाचलच्या एसटीची) बस जाते. फोटोंसाठी मात्र स्थानिक गाडी आणि स्थानिक ड्रायव्हरच घ्या, कारण बस हवी तिथे थांबत नाही आणि टायरला चेन लावणं, काळा बर्फ (रस्त्यावर चटकन न दिसणारा पारदर्शक थर) ओळखणं हे पुण्यातल्या ड्रायव्हिंगच्या अनुभवाने जमत नाही. स्वतःची गाडी न्यायचा हट्टच असेल तर रेडिएटरमधलं साधं पाणी काढून ग्लायकॉलवालं कूलंट भरून घ्या. आपल्याकडे 'थोडं पाणी टाकलंय साहेब' हे सर्रास चालतं, तिथे त्याचा बर्फ होऊन इंजिन फुटेल. मैदानातलं डिझेल टाकीत ठेवून वर जाऊ नका, ते थंडीत गोठून फिल्टर तुंबतो.

पुणे ५६० मीटरवर, काझा ३६०० मीटरच्या वर. कल्पाला दोन रात्री, नाको किंवा ताबोला एक, मग काझा, आणि काझात दोन रात्री काढल्यावरच किब्बर, जे ४२०० मीटरच्या आसपास आहे. डोकं दुखतंय, मळमळतंय अशा अवस्थेत आणखी वर चढायचं नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरचं औषध) घ्यायचं की नाही हे पुण्यातच डॉक्टरांना विचारा, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

कल्पातून किन्नर कैलासची रांग पूर्वेला दिसते. सकाळी सूर्य तिच्या मागून येतो, म्हणजे शिखरं काळी आणि आकाश पांढरंफट. तरी सगळे पहाटेच गच्चीवर! खरा रंग संध्याकाळी. गाव सावलीत गेल्यावरही समोरच्या बर्फावर ऊन राहतं, पिवळ्याचं केशरी, केशरीचं गुलाबी होत जातं. ७०-२०० लेन्स लावा, फक्त उजेडातला भाग घ्या. सकाळ वापरायचीच असेल तर सूर्य धारेआडून डोकावतो त्या क्षणासाठी, एफ/१६ (लेन्सचं छिद्र बारीक) ठेवून.

पिओच्या पुढे खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. दरी इतकी अरुंद आहे की हिवाळ्यात तळाशी ऊन फार थोडा वेळ पोहोचतं, तिथे वेळ घालवू नका. नाकोच्या अलीकडे-पलीकडे दगड कोसळणारे पट्टे आहेत. ऊन लागून बर्फ सैल झाला की दगड सुटतात, म्हणून ते सकाळी ओलांडायचे. पण सकाळीच सावलीतल्या वळणांवर काळा बर्फ असतो. या दोन्हींतली वेळ ड्रायव्हरला ठरवू द्या, 'अजून एक फोटो' म्हणून त्याला उशीर करू नका. सुमदो परिसरात लष्कराची ठाणी आणि पूल यांच्यावर कॅमेरा रोखायचा नाही, ड्रोन तर घरीच ठेवा. ताबोचा मठ इ.स. ९९६ चा. आतल्या जुन्या मंदिरांत फोटोला बंदी आहे.

आता की मठ. मठ नदीच्या डाव्या तीरावर, शंकूसारख्या टेकडीवर आहे आणि सगळ्यांना ठाऊक असलेला फोटो वरच्या किब्बरच्या रस्त्यावरून, दक्षिणेकडे तोंड करून घेतलेला असतो. जानेवारीच्या शेवटी भर दुपारीही सूर्य इथे ३९-४० अंशांवरच असतो आणि तोही दक्षिणेला, म्हणजे थेट लेन्ससमोर. ११ ते २ या वेळात मठाच्या भिंती राखाडी आणि खोरं धुरकट दिसतं. सकाळी ऊन डावीकडून येतं, दुपारी तीननंतर उजवीकडून. भिंतींना एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू मिळते, बर्फावरच्या वाऱ्याच्या रेघा उठून दिसतात. सगळ्यात मोलाची दहा-पंधरा मिनिटं सकाळची: सावलीची रेघ उतारावरून खाली सरकत मठापर्यंत येते तेव्हाची. अजून निळ्या सावलीत बुडालेलं खोरं आणि नुकताच उजळलेला मठ, दोन्ही एका फ्रेममध्ये. उजेडातला फरक एका फोटोत मावत नाही, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो घ्या आणि घरी एकत्र करा. पुढ्यातला बर्फ तुडवण्याआधी सगळ्या रुंद फ्रेम उरकून घ्या. एकदा पाय उमटले की पुढच्या बर्फवृष्टीपर्यंत तसेच राहतात.

एक्सपोजरबद्दल. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो, म्हणून बर्फ मळका येतो. फ्रेम बर्फाने भरली असेल तर +१ ते +२ स्टॉप द्या, सुरुवात +१.३ ने. मॅन्युअलवर स्वच्छ उन्हात आयएसओ १००, एफ/८, १/८०० सेकंद हा चांगला पाया. स्क्रीनवरच्या चित्रावर विश्वास नको, उन्हात ते नेहमी काळपट वाटतं. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहा, आणि लाल-हिरवा-निळा वेगवेगळे पाहा: संध्याकाळच्या केशरी बर्फात लाल चॅनल आधी फुटतो (त्यातला तपशील जातो) आणि एकत्र आलेखात ते कळत नाही. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनला अडकवून ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. सावलीतला बर्फ निळाच असतो, कारण त्याच्यावर उजेड आकाशाचा पडतो. ती निळाई घरी बसून धुऊन काढली की फोटो फ्लॅशने काढल्यासारखा मेलेला दिसतो. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) २४ मिमीपेक्षा रुंद लेन्सवर लावू नका. या उंचीवर आकाश आधीच गडद असतं, वर एका कोपऱ्यात काळा डाग पडतो.

बर्फ पडत असताना १/२५० ते १/५०० ला कण ठिपके दिसतात, १/३० ते १/६० ला रेघा. मागे काहीतरी गडद हवं, मातीची भिंत किंवा विलोची झाडं, नाहीतर काहीच उठत नाही. ऑटोफोकस कणांवर अडकतो, मॅन्युअल करा. हुड लावा, कॅमेरा खाली तोंड करून धरा. लेन्सवर फुंकर कधीच मारू नका, श्वासाचा तिथेच बर्फ होतो. रबरी ब्लोअर वापरा. पौर्णिमेच्या आसपास आयएसओ ८००, एफ/४, ८ ते १५ सेकंद.

काझाला रात्री उणे २० पर्यंत पारा उतरतो. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. थंडीत संपलेली दाखवणारी बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते, म्हणून टाकून न देता फिरवत राहा. गारठलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. शून्याखाली चार्ज केली तर आत लिथियमचा थर बसून ती कायमची बिघडते. वीज येते-जाते, आली की आधी बॅटऱ्या, मग मोबाईल.

तंदूर (खोली तापवायची शेगडी) पेटलेल्या खोलीत कॅमेरा उघडा नेला की जुलैत एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्याचं होतं तेच होतं, फक्त इथे पाणी लेन्सच्या आतही धरतं. बाहेरच कार्ड आणि बॅटरी काढा, कॅमेरा झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, मग आत न्या आणि दोन तास उघडू नका. पिशवीला कॅमेऱ्यापेक्षा मोठा आकार हवा, हातमोजे घालून बंद करता आली पाहिजे.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवून खोल बर्फात दाबले तर ते आणखी फाकतात आणि वरचा सांधा तुटतो. अर्धवट उघडा, दाबा, मग बसवा. धातूच्या पायांवर एसीच्या तांब्याच्या पाइपवरचा काळा फोम चढवा, बोहरी आळीत मीटरवर मिळतो. हातमोजे दुहेरी: आत पातळ, वर जाड मिटन. गॉगल पोलराइज्ड नको, त्यातून कॅमेऱ्याची स्क्रीन काही कोनांतून काळी दिसते. पण गॉगल लागतोच: ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, डोळे त्याच रात्री जळायला लागतात.

सराव पुण्यात करता येतो. गच्चीवर सकाळच्या उन्हात पांढरी चादर वाळत घाला, ऑटोवर फोटो काढा, मग +१, +१.३, +२ करून चादरीची वीण कुठपर्यंत दिसते ते पाहा. जाड हातमोजे घालून बॅटरी आणि कार्ड बदलून बघा, न बघता जमेपर्यंत.

स्पितीत बर्फ पश्चिमी विक्षोभाने (पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी हवेने) येतो. आला की रस्ता बंद होतो, आणि दोन-तीन दिवसांच्या उन्हा-वाऱ्यात दक्षिणेकडचे उतार पुन्हा तपकिरी व्हायला लागतात. म्हणजे बर्फ पडताना तुम्ही आधीच काझात असायला हवं. पिओत बसून रस्ता उघडायची वाट पाहणाऱ्याला ताजा बर्फ मिळत नाही. हवामान खात्याचा अंदाज पाहून इशाऱ्याच्या आदल्या दिवशी वर पोहोचा आणि परतीला किमान तीन दिवस मोकळे ठेवा. विमानाचं तिकीट बदलता येणारं घ्या, सुट्ट्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक केबिनच्या बॅगेतच. होमस्टेचे पैसे रोखीने द्यावे लागतात, एटीएमचा भरवसा नको. सगळी रोख पिओतच काढून घ्या, तीन जादा दिवसांची धरून.