तुम्ही विचारलंत म्हणून : लेमन टीतलं शून्य

भारतातून कुणी पाहुणे आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा प्रश्न येतोच. परवा काकांनी मेट्रोत शेजारच्या दोन मुलींचं बोलणं कान देऊन ऐकलं आणि उतरल्या उतरल्या विचारलं, “काय गं, या धड चिनी बोलत नाहीत, धड इंग्रजीही नाही. असं अर्धवट का?”

चौदा वर्षं झाली मला हाँगकाँगात. सुरुवातीला मलाही ते अर्धवटच वाटायचं. मत बदललं ते चहाच्या हॉटेलात.

इथे गल्लोगल्ली ‘चा चान तेंग’ असतात. आपल्या इराण्याच्या हॉटेलाचे चुलतभाऊ म्हणा. दुधाचा कडक चहा, लोणी लावलेला पाव, टेबलावर अनोळखी माणूस समोर येऊन बसणार आणि जास्त वेळ रेंगाळलात तर वेटर नजरेनं उठवणार. मी लेमन टी मागितला, त्यानं चिठ्ठीवर एक गोल काढून पुढे इंग्रजी ‘टी’ ठोकला. बस. मला वाटलं तो इंग्रजी ‘ओ’ असेल. तर ते शून्य होतं. शून्याला कँटनीजमध्ये, म्हणजे इथे बोलल्या जाणाऱ्या चिनीत, ‘लिंग’ म्हणतात (हसू नका). लिंबाच्या चहाला ‘निंग चा’. पण इथे बहुतेक लोक ‘न’चा ‘ल’ करून टाकतात, म्हणून निंगचंही लिंग होतं, आणि लिंबाचं चित्रासारखं अवघड अक्षर काढण्यापेक्षा शून्य सोपं. उरलेल्या चहासाठी ‘टी’. चहा थंड हवा असेल तर आधी ‘सी’, कोल्डचा. घाईतल्या वेटरनं दोन भाषा, एक आकडा आणि एक आळशी उच्चार अर्ध्या सेकंदात एकत्र बांधले होते, आणि आतल्या स्वयंपाक्याला त्यात काडीचाही गोंधळ नव्हता. याला अर्धवट कसं म्हणायचं?

मग मी बोलण्याकडे लक्ष द्यायला लागले. कँटनीजमध्ये ‘आहेस का’ असं विचारायचं तर क्रियापद किंवा विशेषण दोनदा म्हणतात आणि मध्ये ‘म्’ घालतात. म् म्हणजे नाही. ‘चांगलं-नाही-चांगलं?’ अशी रचना. शब्द दोन अक्षरांचा असेल तर पहिल्या वेळी त्याचं पहिलं अक्षर पुरतं. आता यात ‘हॅपी’ घाला. प्रश्न होतो, “हॅप-म्-हॅपी?” अंडरस्टँडचं “अन-म्-अंडरस्टँड?” इंग्रजी शब्द इतक्या निर्विकारपणे चिरलेला मी दुसरीकडे ऐकला नाही. ईमेल पाठवून झाली की ‘सेंड-चॉ’ (चमच्यातला च), तपासणं चालू असेल तर ‘चेक-कन’. आपल्याला सेंड ‘करावं’ लागतं, कारण मराठीत प्रत्यय लावायला आधी ‘करणे’ पाहिजे. कँटनीज क्रियापदाचं रूपच बदलत नाही, त्यामुळे इंग्रजी क्रियापद थेट आत येऊन बसतं.

बदल्यात इथे शब्दाला सूर घ्यावा लागतो. कँटनीजचे सहा सूर, त्यातला एखादा प्रत्येक अक्षराला हवाच. बस झाली ‘बा-सी’, आणि त्यातली ‘सी’ प्रश्न विचारल्यासारखी वर चढते. आपल्याकडे सूर नाही, पण लिंग लागतं, आपल्या अर्थाचं. तो फोन, ती फाईल, ते टेबल. मग फायली, टेबलाखाली. पेन तो की ते यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. स्ट्रॉबेरीची तर इथे मजाच आहे. उच्चारासाठी जी अक्षरं निवडली त्यांचे अर्थ सुटे घेतले तर ‘दुकान-बिअर-नाशपती’ होतं. मंडईत मांडलेल्या पुठ्ठ्यावर ते लिहिलेलं असतं आणि कुणाला काही वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, शुद्ध शब्द नाहीत का? आहेत की. मी वर्गात विमानतळावरच्या चेक-इनचा सहा अक्षरांचा भारदस्त चिनी शब्द घोकला होता. ऑफिसातल्या मैत्रिणीला तो ऐकवला तर ती म्हणाली, “बातम्या वाचतेयस का?” त्याउलट कुणी आपापसात सबंध वाक्यच्या वाक्य इंग्रजीत बोललं, तर तेही भाव खाणंच. लिफ्टमध्ये एका नव्या साहेबानं तसं केलं होतं. सगळे मजल्यांचे आकडे बघत राहिले. एखाददुसरा शब्द इंग्रजी चालतो, पण वाक्य आपलंच हवं, असा अलिखित नियम आहे.

कारण उघड आहे. 1842 पासून इंग्रजांचं राज्य, आणि चिनी भाषेला सरकारदरबारी दर्जा मिळाला तो थेट 1974 मध्ये. 1997 मध्ये हाँगकाँग चीनकडे परत गेलं, त्यानंतरही विद्यापीठांतली बरीचशी व्याख्यानं इंग्रजीतच राहिली. म्हणून प्रोजेक्ट, असाइनमेंट हे शब्द डोक्यात इंग्रजीतच शिरतात आणि कँटीनमध्ये कँटनीजच्या पोटात बसून बाहेर येतात. तुमच्या-माझ्या कॉलेजात वेगळं काय होतं?

हे सगळं मी काकांना चालता चालता सांगत होते. ते ऐकत होते की नाही कुणास ठाऊक, कारण मध्येच एका पार्किंगच्या दाराशी थांबले. पाटीवर चिनी अक्षरं, खाली इंग्रजीत ‘श्रॉफ’. हाँगकाँगात पैसे भरायच्या खिडकीला असंच म्हणतात. आपल्या सराफाचा हा शब्द साहेबानं हिंदुस्थानात उचलला आणि इथवर आणून टाकला.

“इथे सराफ कशाला?” काका म्हणाले.

“पार्किंगचे पैसे घ्यायला,” मी म्हटलं. त्यांनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं. आत एक मुलगी मोबाइलवर बोलत होती, “ओ-म्-ओके आ?”