संध्याकाळची मेथी

आई मेथीची जुडी बाहेरून बघतच नाही. बंधाखाली अंगठा घालते, जुडी मधोमध फाकवते आणि आतल्या पानांचा रंग बघते. बाहेरची पानं काय, सगळ्यांचीच हिरवीगार असतात. पिवळेपणा आतून सुरू होतो. पहाटे चारला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, शेकड्याच्या ढिगापाशी वाकून तिचं हे चाललेलं असतं आणि अडत्याचा माणूस ओरडत असतो, "मावशी, माल चोळू नका!"

अशा बाईच्या पोटी जन्मून मी पानं पिवळी का पडतात यावर पीएच.डी. करायला बसले. घरी याची यथेच्छ थट्टा झाली. आई म्हणाली, "पाच वर्षं? मी पाच मिनिटांत सांगितलं असतं."

तिचं म्हणणं असं: मेथी घ्यावी तर संध्याकाळी उपटलेली. "पोटभर जेवून झोपलेली असते गं ती. सकाळची उपाशी असते, दुपारपर्यंत मान टाकते."

मी तेव्हा पुस्तकात नेमकं उलटं वाचलं होतं. पालेभाजी पहाटे काढावी, कारण तेव्हा शेतातली उष्णता पानात कमी असते. हेही खरंच आहे. उपटलेली भाजी श्वास घेतच असते, आणि तापमान दहा अंशांनी चढलं की हा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. उन्हात तापलेली जुडी गोणपाटात बांधून ट्रकमध्ये टाकली तर ती स्वतःच्याच धगीने शिजायला लागते. मी हे आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "मग ऊन उतरल्यावर उपटायची. भर दुपारी उपटा म्हटलं का मी?"

पुढे वाचत गेले तशी माझी बोलती बंद झाली.

पान दिवसभर उन्हात साखर बनवतं. त्यातली काही लगेच वापरतं, काही स्टार्च करून हरितलवकात साठवतं. रात्र काढायची ती या साठ्यावर. अ‍ॅराबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली बारकी वनस्पती (आमच्या धंद्यातला उंदीर म्हणा) हा साठा अशा बेताने वापरते की पहाट होता होता तो जवळजवळ संपतो. इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरमधल्या गटाने 2013 मध्ये दाखवलं की अचानक लवकर अंधार केला तरी ती वेग बदलून साठा पहाटेपर्यंत बरोबर पुरवते. जणू उरलेल्या स्टार्चला उरलेल्या तासांनी भागते. महिनाअखेरीला आईचाही हिशोब असाच चालतो.

म्हणजे सकाळी सहाला उपटलेलं पान खरोखर रिकाम्या पोटी असतं. त्यानंतर त्याला ना धड ऊन, ना जमीन. अर्जेंटिनातल्या ला प्लाता इथल्या संशोधकांनी 2011 मध्ये ब्रोकोलीवर नेमकं हेच तपासलं. सकाळी, दुपारी आणि दिवस संपताना काढलेले गड्डे अंधारात ठेवले. संध्याकाळी काढलेले जास्त काळ हिरवे राहिले. त्यांच्यात साखर आणि स्टार्च जास्त होतं. हा निबंध मी आईला वाचून दाखवला. ब्रोकोली ती विकत नाही ("हाटेलवाल्यांची भाजी"), त्यामुळे तिच्यावर फारसा परिणाम झाला नाही.

खरी गंमत उपाशी पान पुढे काय करतं त्यात आहे. आपण म्हणतो भाजी खराब झाली, जशी काही ती कुजली. कुजणं नंतरचं, ते बुरशीचं आणि जिवाणूंचं काम. त्याआधी पान स्वतःचं घर शिस्तीत उचकटत असतं. साखर संपली की ते प्रथिनं मोडून जाळायला लागतं. त्यातून सुटणारा अमोनिया विषारी, म्हणून तो अ‍ॅस्पॅराजिन नावाच्या रेणूत बांधून ठेवतं. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी 1993 मध्ये शतावरीच्या कुळातल्या अ‍ॅस्परॅगस भाजीच्या कोवळ्या कोंबांत हे बांधकाम करणारं जनुक पकडलं. कोंब कापल्यावर काही तासांतच ते जागं होतं. वरून कोंब ताजा दिसत असतो, आत आवराआवर सुरू झालेली असते. प्रयोगशाळेत मी जे करते ते याचंच: ठरावीक तासांनी मेथीची पानं द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची, खलात कुटायची, आरएनए (चालू असलेल्या जनुकाची नक्कल) काढायचा आणि कुठलं जनुक कधी बोलायला लागलं ते मोजायचं. पहिले कित्येक महिने माझा आरएनए तपासणीच्या जेलवर नुसता धुरकट पट्टा यायचा, म्हणजे तुकडे झालेला. त्या दिवसांत मीही बरीच पिवळी पडले होते.

पानातला बहुतेक नायट्रोजन हरितलवकातल्या प्रथिनांत असतो आणि त्यातल्या कितीतरी प्रथिनांना हरितद्रव्य चिकटलेलं असतं. प्रथिन मोडायचं तर आधी हरितद्रव्य सोडवावं लागतं, आणि मोकळं हरितद्रव्य धोक्याचं, उजेड पडला की पेशी जाळतं. म्हणून पान ते पायरीपायरीने निकामी करतं. पहिली पायरी त्याच्या रेणूच्या मधोमधचा मॅग्नेशियम उपटून काढण्याची. शेवटी उरतो तो बिनरंगी माल, तो पेशीच्या रिक्तिकेत जाऊन पडतो. पिवळा रंग नवीन नसतोच, तो आधीपासून हिरव्याखाली दडलेला असतो.

मॅग्नेशियम काढणारं हे प्रथिन ज्या जनुकाचं, त्याला 'स्टे-ग्रीन' म्हणतात, कारण ते बिघडलं की पान हिरवंच राहतं. शाळेत आपण मेंडेलचे हिरवे आणि पिवळे वाटाणे घोकले ना? 2007 मध्ये कळलं की त्या वाटाण्यातला फरक याच जनुकाचा. मेंडेलचा हिरवा वाटाणा म्हणजे हिरवं टाकून देणं न जमलेला वाटाणा. ते प्रथिन नेमका मॅग्नेशियमच काढतं हे मात्र 2016 मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठातून समजलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. आईला सांगितलं तर म्हणाली, "वाटाणा सोलून ठेवलास का?"

लोक विचारतात, मग ते जनुकच बंद करून टाका की. करता येतं. पण स्टे-ग्रीन बंद केलं तर पान हिरवं राहतं, ताजं राहतंच असं नाही. आतून म्हातारं, वरून कलप. आई अशा मालाला जो शब्द वापरते तो इथे लिहिता येणार नाही. टोमॅटोचं वेगळं आहे, तिथे पेशींच्या भिंती मऊ होणं हा प्रश्न. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेतल्या गटाने पिकण्याच्या वेळची दोन विकरं दाबून सुमारे 45 दिवस टणक राहणारा टोमॅटो 2010 मध्ये जगाला दाखवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीटी वांग्याला, म्हणजे असंच जनुकात फेरफार केलेल्या वांग्याला, देशात स्थगिती मिळाली. पंधरा वर्षं होऊन गेली, तो टोमॅटो काही आईच्या पाटीत आला नाही.

जुडी आतूनच का पिवळी पडते, याचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. आत गरम असतं हे एक. पण आत अंधारही असतो. पानात लाल उजेड ओळखणारं फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं. ते जागं असेपर्यंत म्हातारपण आणणाऱ्या काही प्रथिनांना दाबून धरतं. अंधार झाला की ती मोकळी सुटतात आणि स्टे-ग्रीनसारखी जनुकं चालू करतात. टेक्सासच्या राइस विद्यापीठात 2013 मध्ये तर तोडलेल्या कोबीला दिवस-रात्रीसारखा उजेड-अंधार दिला, तेव्हा त्याचं आतलं घड्याळ पुन्हा तालात आलं. तोडलेल्या कोबीला वाजले किती हे कळतं! आई दुकान लावल्यावर जुड्यांचे बंध सैल करून त्या पसरून ठेवते. मला लहानपणी वाटायचं, ढीग मोठा दिसावा म्हणून.

तर मागच्या महिन्यात म्हटलं, मेथीवर तिचा सिद्धांत घरीच तपासू. मामाने पुरंदरहून एकाच वाफ्यातल्या सहा जुड्या पाठवल्या, तीन संध्याकाळी सहाला उपटलेल्या, तीन दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला. चिकटपट्टीवर नावं घालून मी त्या ओट्याखाली ओळीने ठेवल्या. संध्याकाळच्या जुड्या बारा तासांनी थोरल्या, त्यामुळे दोन्हींची मोजणी उपटल्या वेळेपासून धरायची ठरवली. रोज दोनदा फोटो, पिवळी पानं मोजायची, वहीत नोंद.

तिसऱ्या दिवशी घरी आले तर जिन्यातच लसणाच्या फोडणीचा वास. ओट्याखाली चार जुड्या.

"दोन मान टाकायला लागल्या होत्या," आई म्हणाली. "वाया कशाला घालवायच्या?"

"कुठल्या दोन? पट्टीवर काय लिहिलं होतं?"

"पट्ट्या काढून फेकल्या. त्या काय भाजीत घालू?" तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "पण सकाळच्याच होत्या त्या."