पाकोळी आडनावाचा फोटोग्राफर

30 एप्रिल, रात्री पावणेबारा

संध्याकाळपासून परवाच्या लग्नाचे फोटो निवडतोय. दोन हजार आठशे. त्यात नुसत्या मेंदीचे एकशे चाळीस! शेवटी वैतागून उठलो आणि एस्टोनियाचा जुना फोटोग्राफर योहानेस पॅसुके, त्याचे फोटो उघडून बसलो. आज त्याचाच दिवस. 30 एप्रिल 1912 ला तिथल्या तारतू शहरात त्याची पहिली फिल्म पहिल्यांदा दाखवली गेली. एस्टोनियाची माणसं आपल्या सिनेमाचा वाढदिवस याच तारखेला धरतात.

फिल्ममध्ये आहे काय, तर उतोच्किन नावाचा रशियन वैमानिक तारतूवर विमान उडवतोय. बस्स. एस्टोनियन भाषेत पॅसुके म्हणजे पाकोळी. पोरगा जेमतेम वीस वर्षांचा, आडनाव पाकोळी, आणि पहिली फिल्म उडण्याची. गोष्टीत कुणी असं लिहिलं असतं तर मी नाक मुरडलं असतं.

दोन वर्षांनी, 1914 मध्ये, त्याने पार्नू भागातल्या अस्वलाच्या शिकारीची छोटी फिल्म केली. तिथल्या जर्मन आणि एस्टोनियन पुढाऱ्यांच्या भांडणाची ती टिंगल होती. एस्टोनियातला पहिला कथापट म्हणतात तो हाच. राज्य रशियाच्या झारचं, गावात वट जर्मनांचा, आणि हा असली थट्टा करतोय!

पण मला खरा भिडतो तो त्याचा फोटोग्राफीचा धंदा. तारतूच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी तो गावोगाव हिंडला. 1913 च्या फिरतीत सोबतीला हारी वोल्टेर होता. घरं, अंगणं, शेतकरी, छातीवर चांदीचा भलामोठा ब्रोच लावलेल्या सेटो जमातीच्या बायका, असे हजाराहून जास्त फोटो. आणि सगळे काचेच्या प्लेटवर. मामांच्या स्टुडिओत माळ्यावर तसल्या प्लेटांची एक पेटी होती. एकदा ती खाली उतरवताना माझे हात भरून आले, तोल गेला, तीन प्लेटा फुटल्या. मामा काही बोलले नाहीत, नुसते तुकडे वेचत बसले. एका तुकड्यावर कुणाचा तरी फेटा होता, खाली चेहराच नाही. त्या वजनाचा हिशोब ठाऊक असलेला माणूस मेंदीचे एकशे चाळीस काढत नाही.

1915 ला त्याला झारच्या फौजेत ओढलं. 8 जानेवारी 1918 ला बेलारूसमधल्या ओर्शाजवळ रेल्वे अपघातात गेला. लढाईत नाही, अपघातात. वय पंचवीस. पुढे दीडेक महिन्यात, 24 फेब्रुवारीला, एस्टोनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. ज्या देशाचा पहिला सिनेमावाला म्हणून त्याचं नाव घेतात, तो देश त्याने पाहिलाच नाही.

पंचविशीत मी पासपोर्ट फोटो काढत होतो आणि स्वतःला फार मोठा समजत होतो.

असो. उद्या सातला मुंज आहे. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. मेंदीचे बारा ठेवले, बाकीचे उडवले.