युबारी: नकाशातली रेल्वे आणि साडेनऊ किलोमीटर बर्फ

आधीच सांगतो, युबारीला, म्हणजे उत्तर जपानच्या होक्काइदो बेटावरच्या या जुन्या कोळसा-खाणींच्या गावाला, रेल्वे जात नाही. ती शिन-युबारीपर्यंतच जाते. तिथून दरीत वर जाणारा १६.१ किलोमीटरचा फाटा ३१ मार्च २०१९ ला शेवटचा धावला. माझ्या जुन्या गाइडबुकात तो ठळक रेघेने काढलेला होता आणि सापोरोतल्या हॉटेलवाल्यानेही खुशाल मान डोलावली. सापोरोचे दोन दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पुढे बस आहे, पण फेऱ्या मोजक्याच. मी मिनामी-शिमिझुसावाला उतरलो. तिथे 'रिसुता' नावाची २०२० मधली इमारत आहे: वाचनालय, सभागृह, बसची वाट बघायला उबदार जागा. गुपचूप तिथेच बसून राहायला हवं होतं. पण वरच्या टोकापर्यंत साडेनऊ किलोमीटर म्हणजे दोन तास, असा हिशेब मांडून निघालो. महिना फेब्रुवारी.

तीन तास चाळीस मिनिटं लागली. फुटपाथ बर्फाच्या ढिगाऱ्याखाली गाडलेला. ट्रक आला की ढिगावर चढायचं, मांडीपर्यंत रुतायचं, पाय उपसून पुन्हा रस्त्यावर यायचं. बुटांना काटे नसतील तर या रस्त्याच्या वाटेला जाऊ नका. असले तरी जाऊ नका.

बाजूला खाणकामगारांच्या चाळी. एकीला चार दारं, तिघांवर फळ्या ठोकलेल्या. चौथ्यासमोर एक आजी लाल प्लास्टिकच्या भल्यामोठ्या सुपड्याने बर्फ लोटत होत्या. याला तिकडे 'मामा-सान डंप' म्हणतात. मोठा रस्ता यंत्राने साफ झालेला, पण दारापासून रस्त्यापर्यंतची तीसेक पावलं त्यांची त्यांनाच करायची. मी चालत वर निघालोय हे कळल्यावर त्या इतक्या हसल्या, की सुपडं टेकवून उभ्या राहिल्या.

ओस पडत चाललेल्या गावातली विखुरलेली घरं जवळ आणायचे आराखडे-बिराखडे त्या तीस पावलांपुढे मला फिके वाटले. एका उजेडाच्या खिडकीसाठी पाण्याची नळी, बर्फ काढणारी गाडी आणि बस, सगळं दरीभर न्यायचं. १९६० मध्ये इथे १ लाख १६ हजारांवर माणसं होती, २०२० च्या जनगणनेत ७,३३४. त्यातली निम्म्याहून जास्त पासष्टीपुढची. शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली. कोळसा गेला तर पर्यटन, म्हणून नगरपालिकेने कर्ज काढून करमणुकीची उद्यानं उभारली आणि सुमारे ३,५०० कोटी येनच्या खड्ड्यात गेली. २००७ मध्ये १७१ खाटांच्या रुग्णालयाचा १९ खाटांचा दवाखाना झाला. म्हणजे ऐन म्हातारपणात. इथली शेवटची खाण बंद झाली त्याच १९९० मध्ये नॉर्वेने तेलाचा पैसा वेगळा ठेवायचा कायदा केला. पहिली रक्कम पडायला १९९६ उजाडलं, पण पेटी आधी तयार होती. तेल, कोळसा, लोखंड, ज्यांच्याकडे जे निघतंय त्यांनी पैसा येतोय तोवरच हे करावं. आणि घरं जवळ आणायची असतील तर माणसं साठीत असताना आणा. ऐंशीत कोण सामान बांधतो?

युबारीला हे उशिरा सुचलं, पण केलंय शहाणपणाने. 'मायाची' नावाच्या वस्तीत विखुरलेल्या कुटुंबांना एकदम दूर हलवलं नाही. आधी त्याच वस्तीतल्या मोजक्या इमारतींत आणलं, शेजार शाबूत ठेवून. नियोजन शिकायला जाणाऱ्यांनी मायाची आणि रिसुता बघावं. करमणुकीच्या उद्यानाच्या खुणा शोधत बसू नका, वेळ वाया.

वर पोचलो तर कोळसा संग्रहालय हिवाळ्यासाठी बंद! तिथला चोवीस जपानी फूट जाडीचा, म्हणजे सातेक मीटरचा, उघडा कोळशाचा थर बघायलाच तर आलो होतो. तुम्ही मे ते ऑक्टोबरमध्ये जा, मंगळवार टाळा.

परतीला बस घेतली. प्रवासी मी एकटा. नाणी आधीच बाहेरच्या खिशात काढून ठेवा. माझी बोटं वळत नव्हती, शेवटी पाकीट उपडं केलं आणि चालकाने माझ्या तळहातावरून एकेक नाणं मोजून उचललं.