आधी वजनकाटा, मग वाळवंट: सोलापूरहून थरकडे कॅराव्हॅन

सोलापूरच्या माणसाला उन्हाची भीती कुणी घालू नये. तरीही कॅराव्हॅन, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन जैसलमेरला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा एसीची होते, आणि ती फुकट जाते. लेकराबाळांसकट थरमध्ये जायचे दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. तेव्हा दुपार सुखाची असते आणि पहाटे पारा ६-७ अंशांवर, कधी त्याच्याही खाली जातो. एप्रिलनंतर आंधी, म्हणजे धुळीची वादळं, सुरू होते, तेव्हा जाऊच नये. हिवाळ्यात गाडी अडते ती उन्हानं नाही, वजनानं. वाळूत रुतणं, स्प्रिंगचे पाटे बसणं, टायर फुटणं, ब्रेक तापणं या सगळ्यांचं मूळ बहुतेक वेळा तेच असतं.

म्हणून तयारीची सुरुवात वजनकाट्यावर करा. आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भारासकट कमाल वजन. या दोन्हींतला फरक म्हणजे तुमची खरी मर्यादा. पण कॅराव्हॅनमध्ये पलंग, कपाट, ओटा आधीच बसलेला असतो, त्यामुळे कागदावरचा रिकामा आकडा खरा राहिलेला नसतो. डिझेल फुल, पाण्याची टाकी फुल, सगळी माणसं आत बसलेली, अशा अवस्थेत काट्यावर जा. आधी पूर्ण गाडी तोला, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. ही तीन वजनं घेतल्याशिवाय निघू नये. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा आस (अ‍ॅक्सल) मात्र ओव्हरलोड, असं फार होतं. कारण पाणी, गॅस, स्टेपनी सगळं लोक मागच्या दाराशी कोंबतात. मागच्या आसाच्याही मागे ठेवलेलं ओझं त्या आसावर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं आणि पुढची चाकं हलकी करतं. मग स्टेअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. कमाल वजनाच्या आत निदान शंभर किलो मोकळे राहिले पाहिजेत.

वजन कमी करायचं तर पहिली कुऱ्हाड लाकडावर. १८ एमएम प्लायच्या आठ बाय चारच्या एका तावाचं वजन तीस-पस्तीस किलो भरतं. सुतार घरच्या सवयीनं सगळं १८ एमएममध्येच करतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर ९ किंवा १२ एमएम प्लाय पुरतो. चार ताव वाचले की दोन दिवसांच्या पाण्याची जागा झाली. स्वतःच्या व्हॅनमध्ये असं काम करणार असाल तर आधी आरटीओत विचारा. गाडीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मंजुरी लागते आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भाड्याचीच गाडी घ्यावी. घेताना टाकी किती लिटरची, बॅटरी कोणती, स्टेपनीबरोबर जॅक-पाना आहे का, आणि डांबर सोडून गाडी उतरवलेली मालकाला आणि विम्याला चालते का, हे लेखी घ्या.

आता पाणी. काही दिवसांनी एकदा येणाऱ्या नळाची सवय असलेल्या सोलापूरकराला पाण्याचा हिशोब शिकवायला नको, फक्त इथे प्रत्येक लिटर एक किलो होऊन चाकावर बसतो एवढं लक्षात ठेवा. हिवाळ्यातही पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरा. चौघांचे वीस. भांडी, हात-तोंड यांचे पंधरा आणि अंग पुसून घेण्याचे दहा-पंधरा. म्हणजे दिवसाला पन्नासच्या आत. तीन दिवस कुठे भरायला मिळणार नाही असं धरलं तर दीडशे लिटर. हे सगळं एकाच टाकीत ठेवू नका. शंभर लिटर बसवलेल्या टाकीत आणि उरलेलं २० लिटरच्या कॅनमध्ये. टाकी फुटली तरी पिण्याचं वाचतं. टाकी दोन्ही आसांच्या मधे आणि जेवढी खाली बसेल तेवढी खाली हवी. टाकीच्या आत पाण्याचा हिंदकळा अडवणारे आडवे पडदे नसतील तर अर्धी भरलेली टाकी ब्रेक लावताना गाडीला पुढे ढकलते, वळणावर कुशीला ओढते.

पंपाचं एक कलम विसरू नका: गाडी चालू असताना पाण्याच्या पंपाचा स्विच बंद. खडबडीत रस्त्यावर पाइपाचा एखादा सांधा सुटतो, दाब पडला की पंप आपोआप सुरू होतो आणि टाकीतलं सगळं पाणी गाद्यांखाली जातं. रात्री नळ बंद असताना पंप मधेच गुरगुरला तर कुठेतरी गळती आहे असं समजा आणि लगेच शोधा.

पश्चिम राजस्थानात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं, फ्लोराइडचं असतं. साबणाला फेस येत नाही, त्यावरून खारं पाणी ओळखू येतं, फ्लोराइड मात्र तसं ओळखता येत नाही. बोअरचं पाणी भांड्यांना वापरा, टाकीत ओतू नका. जैसलमेरमध्ये शुद्ध पाण्याचे कॅन मिळतात, तिथेच टाकी भरून पुढे निघावं. वाटेतल्या ढाणीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, टांक्यातलं (जमिनीखालच्या हौदातलं) पाणी दिसेल. ते त्या घराचं वर्षभर साठवलेलं पावसाचं पाणी असतं. प्यायला मागितलं तर मिळेल, पण गाडीची टाकी भरायला मागू नये.

विजेचं गणित छोटं आहे. ४० लिटरचा बारा व्होल्टचा फ्रिज दिवसाला साधारण ४००-५०० वॅट-तास खातो, एक पंखा रात्रभर १२०, दिवे आणि मोबाइल मिळून शंभर. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपियर-अवरची बॅटरी जवळपास १२८० वॅट-तास देते आणि बारा-तेरा किलोची असते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची, वर तिची निम्मीच क्षमता वापरावी लागते. छतावर २०० वॅटचं पॅनल असेल आणि ते रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसलं तर हा खर्च भरून निघतो. इंडक्शन मात्र या बॅटरीवर विसरा.

स्वयंपाकाला ५ किलोचा छोटा सिलिंडर पुरे. तो उभा, पट्ट्यानं आवळलेला आणि ज्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी आहे अशा कप्प्यात ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून जाळी वर असून उपयोग नाही. गाडी हलण्याआधी रेग्युलेटर बंद. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहणं रोजचं. आणि थंडी वाजते म्हणून दारं-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवून झोपणं, हा जिवाशी खेळ आहे. त्यापेक्षा जाड रजया न्या. आपली सोलापुरी चादर सुती, संध्याकाळपर्यंत ठीक, पहाटे ती एकटी पुरत नाही.

जेवणाच्या बाबतीत मात्र आपण जन्मतःच वाळवंटाला तयार आहोत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी: वजनाला हलकी, फ्रिज नको, कोरड्या हवेत टिकते आणि शिजवायला पाणी लागत नाही. ताटं धुण्याआधी कागदानं पुसून घेतली की निम्मं पाणी वाचतं.

रस्ता पुणे-अहमदाबाद-पालनपूर-सांचोर-बाडमेर-जैसलमेर असा चौदाशे किलोमीटरच्या वर भरतो. मुंबईभोवतीची कोंडी नको असेल तर धाराशिव-बीड-संभाजीनगर-धुळे-सुरत बरं, पण कन्नडचा औट्रम घाट आणि पुढचा कोंडाईबारी उजेडी ओलांडा. भरलेल्या कॅराव्हॅननं दिवसाला साडेतीनशे किलोमीटर पुष्कळ. राजस्थानात डिझेल महाग पडतं, त्यामुळे गुजरातेतच टाकी फुल करून घ्या. अंधारात चालवू नका. रस्त्यावर बसलेला उंट किंवा गाय हेडलाइटमध्ये फार उशिरा दिसते.

जैसलमेरच्या पुढे धूळ सुरू होते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या दाराच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. खिडकी उघडली की आणखी ओढली जाते. उपाय उलटा आहे: खिडक्या सगळ्या बंद आणि ब्लोअर बाहेरची हवा आत घेणाऱ्या खटक्यावर, म्हणजे आतला दाब थोडा चढा राहतो. प्रवासाला निघण्याआधी मागच्या दाराचं रबर बदला. एअर फिल्टर रोज संध्याकाळी काढून झटका, आणि हवा मारायची तर आतून बाहेर मारा.

जैसलमेरजवळच्या सम किंवा खुरीच्या वाळूच्या टेकड्यांवर कॅराव्हॅन चढवायची नाही. त्यासाठी तिथे उंट आहेत, जीपवाले आहेत. तरी मुक्कामाला वळताना चाक रस्त्याच्या कडेच्या वाळूत उतरतंच. चाक जागेवर फिरायला लागलं की त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर सोडा. जोर लावला की फक्त खड्डा खोल होतो आणि पोट वाळूवर टेकतं, मग चाकावर भारच राहत नाही. स्टेअरिंग सरळ करा आणि ज्या चाकोरीनं आत आलात तिच्यावरूनच हळू मागे घेऊन पाहा. नाही निघाली तर माणसं उतरवा, कॅन उतरवा, चाकांसमोरची आणि पोटाखालची वाळू फावड्यानं काढा. मग हवा कमी करा. रस्त्यावर ६० पीएसआय चालणारा टायर ४० पर्यंत, छोट्या एसयूव्हीचा ३२ वरून २० पर्यंत. टायर लांबट पसरतो आणि तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं. पंधराच्या खाली गेलात तर टायर रिमवरून निसटू शकतो. चाकाखाली वाळूत पकड देणाऱ्या कडक पट्ट्या (सँड ट्रॅक) घाला. पायपुसणी आणि चादरी मागे भिरकावल्या जातात, आणि पट्टीच्या मागे उभ्या माणसाच्या पायावर ती बसते, म्हणून मागे कुणी थांबू नये. जॅकखाली फूटभर चौरस जाड फळी हवीच, नाहीतर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो.

कंप्रेसर सिगारेट-सॉकेटला न लावता थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडा. मोठ्या टायरला तो भरपूर करंट ओढतो आणि सॉकेटचा फ्यूज उडतो. हवा कमी असेपर्यंत वेग तिशीच्या आत.

समच्या आसपासचा मोठा भाग डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये मोडतो, ३,१६२ चौरस किलोमीटरचा. तिथे मळलेली वाट सोडून गाडी घालू नका. तिथला माळढोक पक्षी जमिनीवरच अंडं घालतो, बहुधा एकच. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं माळरान ज्यांच्या उंबऱ्याशी आहे, त्यांना एका अंड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

सीमेजवळचं तनोट मातेचं मंदिर जैसलमेरपासून साधारण १२० किलोमीटर. मंदिराची देखभाल सीमा सुरक्षा दल करतं. तिथवर डांबरी रस्ता आहे, पण वाऱ्यानं वाळू रस्त्यावर येऊन बसते, त्यामुळे वळणावर वेग कमी ठेवा. वाटेतल्या रामगढच्या पुढे डिझेलच्या पंपाच्या आणि मोबाइल रेंजच्या भरवशावर राहू नका. नकाशा आधीच उतरवून ठेवा. तनोटच्या पुढे सीमेकडे जायला परवानगी लागते. कागदपत्रं सगळ्यांची, मुलांचीसुद्धा, हाताशी हवीत. रात्रीचा मुक्काम जैसलमेरकडे परत येऊन ओळखीच्या कॅम्पच्या आवारात करावा. पोर्टेबल संडासाची २० लिटरची टाकी चौघांत दोन दिवसांत भरते. ती अशा आवारातल्या संडासातच रिकामी करा. कोरड्या वाळूत पुरलेलं लवकर कुजत नाही.

परत डांबरावर आलात की पहिल्याच थांब्यावर चारही टायरांत पूर्ण हवा. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो, आणि जैसलमेर-बाडमेरचा सरळ रस्ता वेग वाढवायला लावतोच. घरी पोचल्यावर ब्रेकचे ड्रम उघडून वाळू काढून घ्या, टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवून वाळवा आणि एअर फिल्टर झटकत न बसता नवा घाला.