छाननीच्या टेबलावर

ग्रामपंचायतीची निवडणूक म्हटलं की लोकांना मतदानाचा दिवस आठवतो. मला आठवतो 31 डिसेंबर 2020, उमेदवारी अर्जांच्या छाननीचा दिवस. राज्यात 14,234 ग्रामपंचायतींची निवडणूक एकदम लागली होती आणि सोलापूर जिल्ह्यातलं आमचं नऊ सदस्यांचं गाव त्यात होतं. सरपंचपदाचं आरक्षण निकालानंतर निघणार असल्यामुळे सरपंच कोण होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरपंच तेव्हा सदस्यांमधूनच निवडायचा, म्हणून एकेक सदस्य मोलाचा, आणि समोरच्याचा एखादा अर्ज छाननीतच उडाला तर गावात घाम गाळायची गरज नाही, असा हिशेब चाललेला.

आमचं पॅनल बचत गटातल्या बायकांनी उभं केलेलं. मी कायद्याचं शिक्षण घेतलेलं, म्हणून कागदांचं काम माझ्याकडे. अर्ज 23 ते 30 डिसेंबर. त्यात 25 ला नाताळ, 26 ला चौथा शनिवार, 27 ला रविवार. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं, जात पडताळणीच्या अर्जाची पोच, शौचालयाचा दाखला, घोषणापत्र, हे सगळं उरलेल्या दिवसांत. संकेतस्थळ इतकं रखडत होतं की शेवटच्या दिवशी आयोगाने कागदावरचे अर्ज घ्यायला परवानगी दिली आणि वेळ साडेपाचपर्यंत वाढवली. त्या आठवड्यात कुणी नीट जेवलं नाही.

छाननी अकराला सुरू झाली. आमच्या प्रभाग दोनच्या वहिनींचं नाव पुकारलं आणि विरोधी पॅनलच्या माणसाने लेखी हरकत पुढे केली: घरपट्टी थकीत आहे, अर्ज बाद करा. सोबत थकबाकीदारांच्या यादीची झेरॉक्स. आमच्यातलाच एकजण मागून म्हणाला, "घर सासऱ्यांच्या नावावर आहे, वहिनींचा काय संबंध?" मी त्याला हाताने थांबवलं. नमुना आठच्या, म्हणजे पंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या, उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव होतं हे खरं, पण ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 च्या स्पष्टीकरणात एकत्र कुटुंबातल्या एकाने कर थकवला तरी सगळ्यांना अपात्रता लागते. तो मुद्दा मांडला असता तर आम्ही तिथेच हरलो असतो.

पण त्याच कलमात दुसरी गोष्ट आहे. नुसती थकबाकी पुरत नाही. कराचं बिल बजावलेलं असलं पाहिजे आणि त्यानंतर तीन महिन्यांत पैसे भरलेले नसले पाहिजेत. मी एवढंच म्हटलं, "साहेब, बिल बजावल्याची पोच दाखवायला सांगा."

साहेबांनी, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी, हरकतदाराकडे पाहिलं. त्याच्याकडे यादीच होती. मग त्यांनी भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, दप्तर घेऊन पुढे बोलावलं. मागणीची नोंद नमुना नऊमध्ये होती, बिलाची पोच मात्र कुठेच सापडेना. तेवढ्यात वहिनी स्वतः बोलल्या. मी त्यांना काही शिकवलेलं नव्हतं. म्हणाल्या, "साहेब, पाणीपट्टीची पावती ही बघा. घरपट्टीचं बिल द्या म्हणून मी पंचायतीत जाऊन मागितलंय. देतो म्हणाले, दिलं नाही. आम्ही पैसे बुडवणारी माणसं नाही." आवाज जरासुद्धा कापला नाही. साहेबांनी हरकत फेटाळली, अर्ज वैध. वहिनींनी पदर सारखा केला आणि बाहेर आल्यावरच डोळ्यांना लावला.

आनंद तासभरही टिकला नाही. प्रभाग तीनमध्ये आमची सर्वांत तरुण उमेदवार होती. ऊसतोडीच्या घरातली मुलगी. लहानपणी आईबापाबरोबर फडावर गेली, कधी साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळेत, बसली, कधी नाही. 1 जानेवारी 1995 किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला किमान सातवी पास लागते, आणि तिचा जन्म त्या तारखेनंतरचा. दोन शाळांकडून कागद मागवले होते, पासचं गुणपत्रक निघेल या आशेवर अर्ज भरला होता. त्या सकाळी फोनवर दाखल्याचा फोटो आला: सातवीतून शाळा सोडली. हरकत घ्यायचीही कुणाला गरज पडली नाही. अर्ज बाद.

मला हा नियम तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. त्याच टेबलावर पन्नाशीच्या अंगठा उठवणाऱ्या मावशींचा अर्ज वैध ठरला, तो ठरायलाच हवा होता. मग शाळा जिच्या हातून ऊसतोडीने काढून घेतली, तिलाच पंचायतीचं दार बंद का? 73 व्या घटनादुरुस्तीने बायकांना पंचायतीत जागा दिली, महाराष्ट्राने ती 50 टक्क्यांवर नेली. त्या जागेपर्यंत पोचण्याआधीच अशा मुली गळत असतील तर त्यात सगळ्यांत गरीब घरांचाच तोटा आहे.

ती रडली नाही. व्हरांड्यात बसून तिने विचारलं, "ताई, प्रचार तर करता येतो ना?"

तिनेच तो केला. आमच्याकडे एका प्रभागात तीन जागा, म्हणजे एका मतदाराने तीन बटणं दाबायची. म्हाताऱ्या माणसांचा तिथे हमखास गोंधळ होतो, एकच बटण दाबून बाहेर पडतात. ती नमुना मतपत्रिका घेऊन वस्तीवस्तीवर हिंडली आणि बोट धरून तीन-तीनदा सराव करून घेतला. 15 जानेवारीला मतदान झालं, 18 ला मोजणी. आमचे चार निवडून आले, वहिनी त्यांत होत्या.

पहिल्याच मासिक सभेत वहिनींनी ठराव मांडला: कराचं बिल प्रत्येक घरी नेऊन द्यायचं आणि पोच घ्यायची. विरोधकांनीही ठरावाच्या बाजूने हात वर केले. आणि मुक्त विद्यालयातून आठवीला बसता येतं हे कळल्यावर त्या मुलीने मला एकच विचारलं, फॉर्म कधी निघतात.