पुण्यात प्लम? जरा थांबा!

हिवाळा आला की सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी प्लमच्या कलमाचा फोटो टाकतंच, "थंडीत टिकतं, घ्यायचं का?" अहो पण पुण्यात थंडीत टिकण्याचा प्रश्नच कुठे येतो, इथे पंचाईत थंडी कमी पडण्याची आहे! प्लमच्या झाडाला हिवाळ्यात साधारण ७ डिग्रीच्या खाली बरेच तास झोप हवी असते, युरोपियन जातींना तर बऱ्याचदा ७०० तासांच्याही वर, आणि आपल्याकडे पहाटे पाषाणला कुडकुडलो तरी दहाला स्वेटर काढावा लागतो. झोप पुरी झाली नाही की फांदीवरचे डोळे (अंकुर) उशिरा आणि वेडेवाकडे फुटतात, फुलं तुरळक.

माझा मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटात असतो, त्याचं उलट, तिथे थंडीत टिकण्याचाच प्रश्न. त्याला मी १९३३ ची 'सुपिरियर' ही प्लमची जात सुचवली, मात्र शेजारी 'टोका' लाव म्हटलं, कारण सुपिरियर एकटी फळत नाही, परागकण दुसऱ्या जातीचे लागतात आणि टोका त्यात एक नंबर.

इथे हौसच असेल तर पंजाबात चालणारी कमी थंडीची 'सतलज पर्पल' बघा, परागकणांसाठी सोबत 'काला अमृतसरी' हवीच. कुंडीत नको, जमिनीत, पाणी न साचणाऱ्या जागी. तरी फळांची गॅरंटी मी देणार नाही, मी स्वतः अंजीरच लावलंय.